गोजाबाईला मिळालेलं घर

मल्लूरच्या नगरपालिकेत एवढ्या पुरुषांमध्ये गोजाबाई ही एकटीच बाई. चौऱ्याहत्तर सालच्या निवडणुकीत ओढ्याकाठच्या झोपड्यांनी तिला निवडून दिलं होतं. ती माणसं मूळची सांगोल्याकडची, मेंढरांमागची. दुष्काळात मेंढरं गेली आणि ती मल्लूरच्या ओढ्याला येऊन टेकली. पुरुष हमाली करायचे, बायका बांधकामावर जायच्या. गोजाबाईचा बाजारात घोंगड्यांचा गाळा होता. माल उरला की एसटीनं सोलापूरला भवानी पेठेत जाऊन खपवायची.

निवडणूक झाल्यावर नगराध्यक्ष हिंदुराव स्वतः तिच्या झोपडीत चहाला आले.

"बाई, घरबांधणीचं सरकारी कर्ज मंजूर झालंय. इथंच पक्की चाळ उभी करू. पण आधी जागा मोकळी पाहिजे. पोलीस घालून माणसं उठवणं मला बरं वाटत नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"आनि चाळीत ऱ्हानार कोन?"

"कोण म्हणजे? उठतील तीच की."

गोजाबाई दारोदार फिरली. वस्तीत सगळ्यांत म्हातारी चंद्रव्वा. ती म्हणाली, "पुडाऱ्यावर माजा इस्वास न्हाय. तू म्हंतीस म्हनून उटते."

चंद्रव्वा उठली तशी सगळी वस्ती उठली. पालिकेनं त्यांना गावाबाहेर दगडखाणीजवळचा माळ दाखवला. तिथं पाणी नव्हतं, सावली नव्हती. दिवसभर खाणीची पांढरी धूळ उडून भाकरीवर बसायची. गोजाबाईही तिथंच राहिली. तिचा नवरा येडू याला त्या धुळीनं खोकला धरला. सोलापूरच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि बजावलं, "यांना धुळीत ठेवू नका." गोजाबाई म्हणाली, "चाळ व्हतच आलीया."

चाळ झाली. पत्र्याची, पण भिंती पक्क्या, दारात नळ. घरवाटपाचा विषय सभेपुढं आला तेव्हा हिंदुरावांनी ठराव मांडला, की मागची तीन वर्षं ज्यांनी पालिकेची पट्टी भरलीय त्यांनाच खोली मिळेल.

गोजाबाई ताडकन उभी राहिली. "झोपडीला पट्टी लावलीच कवा तुमी? पट्टी लावा, नळ द्या म्हनून आमी किती येळा आलो! तवा म्हनला, बेकायदा झोपडीला पट्टी लावता येत न्हाय."

"कायदाच तसा आहे, बाई." हिंदुरावांचा आवाज चढला नाही. "कर्ज पालिकेच्या डोक्यावर आहे. उद्या भाडं थकलं तर झाडूवाल्यांचा पगार कुठून काढू? तुम्हीच सांगा."

"मग उटवताना ह्ये का न्हाय सांगितलं?"

"उठवलं कुणी? पालिकेनं कुणाला हात लावला नाही. तुमच्या शब्दावर उठले ते."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मतं घेतली तेव्हा विरोधात गोजाबाईचा एकटीचा हात वर होता.

खोल्या वाटल्या गेल्या. जकात नाक्यावरच्या कारकुनाला, लाकडाच्या वखारवाल्याच्या दोन भाच्यांना, हिंदुरावांच्या मेहुण्याला. आणि एक गोजाबाईला, कारण गाळ्याची पट्टी ती दरवर्षी भरत होती. सगळ्या माळासमोर शिपाई किल्ली घेऊन आला. बायका आपापल्या झोपड्यांतून बघत होत्या.

"परत न्हे ती," गोजाबाई म्हणाली. "आनि तुज्या सायबाला सांग, गोजाबाई इकाऊ न्हाय."

येडू वाकळेवरून उठला, भिंतीला धरत दारात आला आणि त्यानं शिपायाच्या हातातून किल्ली घेतली.

"अवो, द्या ती," गोजाबाई म्हणाली.

"न्हाय देत. तुज्या मानापायी मी हितं धूळ खात मरू व्हय?"

त्याला श्वास पुरत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं हातगाडी आणली, येडूला अंथरुणासकट वर घातलं आणि चाळीत नेऊन निजवलं. चूल मांडली, पेज करून पाजली. मग त्याला म्हणाली, "तुमी हितं ऱ्हावा. मी येऊन-जाऊन करीन," आणि रिकामी हातगाडी घेऊन माळावर परतली.

तिची झोपडी उकलून टाकली होती. बांबू एका बाजूला रचून ठेवले होते, भांडी त्यांवर नीट पालथी घातली होती. त्या जागेवर चंद्रव्वाचा लेक आपल्या शेळ्यांसाठी खुंट ठोकत होता.

"चंद्रव्वा, ह्ये काय?"

म्हातारीनं वर बघितलं नाही. "तुला घर गावलं की. आता हितली जागा कशाला अडवतीस?"

"मी त्यास्नी आजारापायी न्हेलंय. मी हितंच ऱ्हानार हाय."

"गोजे, तू लबाड न्हाईस, मला ठावं हाय." म्हातारीचा आवाज फाटला. "लबाडाच्या सांगन्यावरनं आमी उटलोच नसतो."

भांडी हातगाडीवर घालायला एकही बाई पुढं आली नाही.

येडूचा खोकला चाळीत गेल्यावर उतरला. पुढच्या सभेत चाळीला हिंदुरावांच्या वडिलांचं नाव देण्याचा ठराव आला. गोजाबाईनं विरोधात हात वर केला. कारकुनानं तिच्याकडे न बघताच 'बहुमताने मंजूर' असं लिहिलं. सभा संपली, चहा आला. तो न पिता ती बाहेर पडली आणि येडूच्या जेवणाची वेळ झाली होती म्हणून चाळीकडे चालू लागली.