मेण आहे तोवर

"दात वाकडा बसलाय," डॉक्टर फोनवर म्हणाले. "वरचा, पुढचा. डावीकडचा शेजारच्यावर चढलाय. तुमच्या हातून असं कधी होत नाही, म्हणून विचारतोय."

खारूताईने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि हातातली मेण कोरायची सुरी बर्नरशेजारी ठेवली. सुरी ठेवली की आपला जबडा तपासायचा, ही तिची जुनी खोड होती. तिने तपासला. दातांवर दात आवळलेले नव्हते, म्हणजे सगळे ठीक होते.

"चुकून नाही बसला, डॉक्टर. मीच बसवलाय तसा."

डॉक्टर भला माणूस होता. रागावायचे झाले तरी आधी कारण शोधायचा.

"अहो, आजींचा तो जुना फोटो मी कवळीच्या मापासाठी पाठवला होता. दात किती मोठे, किती दिसायचे, एवढं कळावं म्हणून. वाकडेपणा नको होता त्यातला. त्यांच्या सूनबाईंनी बजावून सांगितलंय, आता करतोच आहोत तर छान एका ओळीत करा."

"आणि आजी काय म्हणाल्या?"

"त्या काय म्हणणार? तुम्हाला बरं वाटेल तसं करा, म्हणाल्या. हल्ली सगळ्यालाच तसं म्हणतात, असं सूनबाई सांगत होत्या."

खारूताईने समोरच्या दिव्याला टेकवलेल्या फोटोकडे पाहिले. "दुपारी येतायत ना त्या? मग तोवर तसाच राहू द्या. मी येते. सुरी आणि बर्नर घेऊनच येते. त्यांनी नको म्हटलं तर तिथल्या तिथं सरळ करून देईन. मेण आहे तोवर काही बिघडत नाही."

"तुम्ही? इकडे?" डॉक्टरांना हसू आले. "इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या दवाखान्याची पायरी चढला नाहीत."

ते खरेच होते. कवळी करणारा माणूस तोंडे पाहत नाही. त्याच्याकडे डब्यातून प्लास्टरचे जबडे येतात, त्याच डब्यातून कवळ्या जातात, आणि मधल्या मधे कोण चावते, कोण हसते, याच्याशी त्याचा संबंध येत नाही. आधी मेणाच्या हिरडीवर दात रोवून पाठवायचे. पेशंटने घालून पाहिले, बरे म्हटले, की मेण काढून त्या जागी कडक प्लास्टिक भरायचे. ते भरले की मग दात जागचा हलत नाही. खारूताईने अशा किती कवळ्या केल्या होत्या याची गणती नव्हती, आणि त्यातले एकही तोंड ओळखीचे नव्हते. गेल्या आठवड्यात हा फोटो येईपर्यंत.

फोटोत पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई मोकळेपणी हसत होती. खारूताईने सवयीने आधी दात पाहिले. दात ओळखला, आणि मग चेहरा ओळखला. ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने काय झाले म्हणून विचारले, तर खारूताई नुसते म्हणाली, "आमच्या बाई आहेत."

वीस वर्षांपूर्वी ती दातांच्या कॉलेजात कवळ्या-टोप्या करायचे शिकत होती. शेवटचे वर्ष होते, वय बावीस. दोन्ही हात तोंडाशी नेऊन अंगठ्यांची नखे कुरतडत बसायची, म्हणून लॅबच्या मास्तरांनी खारूताई नाव ठेवले, आणि ते असे चिकटले की आईसुद्धा कधीकधी त्याच नावाने हाक मारी. नखांवर भागत नव्हते, ती झोपेत दातही खायची. सकाळी चहा देताना आई म्हणायची, "काल परत तुझा मिक्सर चालू होता. काय वाटत होतीस गं एवढं?" एक दिवस भाकरतुकडा न चावताच तिच्या दाढेचा कोपरा हातात आला. दिवसा कॉलेजात ती काय करत होती? तर रात्री दात खाणाऱ्या लोकांसाठी दातांवर चढवायच्या टोप्या. मास्तर म्हणाले, "शाबास. गावाला टोप्या घालतेस आणि घरची माणसं उघडी."

ती हसली, पण आतून घाबरली होती. तिला परत आलेल्या कामाची धास्ती होती. दारात कवळ्यांचे डबे आणणारा दिसला की वाटायचे, आपलेच काम परत आले असणार. मग चूक होऊ नये म्हणून ती एकेक दात दहादा बसवायची, आणि दहाव्या वेळी नेमकी चूक व्हायची. प्रात्यक्षिक परीक्षेत तापलेली सुरी जरा जास्तच टेकली आणि दातांची अख्खी ओळ तिच्या डोळ्यांदेखत वितळलेल्या मेणात खचली. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. त्या दिवशी घरी येऊन तिने आईला सांगितले, मी आता जाणार नाही. आई "बरं" म्हणाली. आई भांडली असती तर परवडले असते.

मास्तरांच्या कानावर गेले. ते म्हणाले, "सोडायचं तर सोड बाई. पण आधी त्या खालच्या बाईंकडे जाऊन ये. नाहीच पटलं, तर मी स्वतः तुला फाटकापर्यंत पोचवतो."

फोटोतल्या या बाई त्या वर्षी खचलेल्या मुलांशी बोलायला, समुपदेशनाला कॉलेजात येत. त्यांना जागा मिळाली होती ती जुने नमुने ठेवायच्या खोलीत. तिन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे, सगळे आ वासलेले. मधे दोन खुर्च्या. खारूताई दारातच थबकली, तशा बाई म्हणाल्या, "ये. यांच्याकडे बघू नकोस. यांना नुसतं तोंड आहे, कान नाहीत."

खारूताईला त्या दिवसांत कोणाच्या डोळ्यांना डोळा देणे जमत नसे. ती बाईंच्या तोंडाकडे बघत बसली. वरचा पुढचा डावा दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता, आणि बाई हसल्या की तो आधी हसायला बाहेर यायचा. पहिला बराच वेळ तिने हा दात आपण कसा सरळ केला असता याचाच विचार केला.

"माझ्याकडे तुझ्यासाठी तीन बैठका आहेत," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात काही तुझं आयुष्य पालटत नाही. एखादी गाठ सैल झाली तरी पुष्कळ. कुठं आवळतं तुला?"

असे कोणी विचारले नव्हते. ती म्हणाली, "जबडा."

"मग तिथनं सुरू करू. ओठ मिट. दात सोड. जिभेचं टोक वर टाळूला लाव, मागे. आता श्वास सोड. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा काय हातात घेतेस?"

"सुरी."

"सुरी खाली ठेवलीस की हे करायचं. बाकी काही नाही."

खारूताई मनात म्हणाली, एवढ्यासाठी खाली आले मी? पण करायला काही खर्च नव्हता, म्हणून केले.

दुसऱ्या वेळी बाईंनी विचारले, "काम परत आलं तर?"

"सगळे बघतील."

"बघितल्यावर?"

"मास्तर डबा माझ्यापुढं ठेवतील."

"ठेवला. मग तू काय करशील?"

डबा पुढे ठेवला जाईपर्यंतच तिची धाव होती, त्याच्यापुढे ती कधी गेलीच नव्हती. "मेण तापवीन," ती शेवटी म्हणाली. "दात काढून परत बसवीन."

"जमतं तुला ते?"

"ते जमतं."

पेल्यात पाणी ओतून बाईंनी तिच्यापुढे सरकवले आणि ती पिईपर्यंत थांबल्या.

तिसऱ्या वेळी त्यांनी एवढेच विचारले, की पहिल्या वर्षाच्या एखाद्या पोरीची ओळ अशी मेणात खचली, तर तू तिला काय म्हणशील? खारूताई पटकन म्हणाली, "होतं गं असं. पूस डोळे आणि बर्नर लाव." आणि मग आपण हे काय बोललो ते कळून ती त्या आ वासलेल्या जबड्यांसमोर मनसोक्त रडली.

परीक्षा तिने पुन्हा दिली आणि पास झाली. घरातला मिक्सर हळूहळू बंद पडला. बाईंना सांगायला ती खाली गेली, तर खोलीला कुलूप होते. बाईंचे इथले काम संपले, असे शिपायाने सांगितले. आभार मानायचे राहून गेले, आणि मग वीस वर्षे राहूनच गेले.

म्हणून तो दात. सांगितल्यापलीकडे जाऊन तो तसा बसवताना तिचा हात थांबला नाही असे नाही. पण मग तिने स्वतःलाच विचारले, परत आला तर? तर परत बसवीन. आणि बसवून टाकला.

दुपारी ती दवाखान्यात पोचली तेव्हा आजी खुर्चीत बसलेल्या होत्या. लहानखुऱ्या झाल्या होत्या. तोंडावर घडी केलेला रुमाल धरलेला, आणि बोलायचे ते रुमालाआडून. खारूताईकडे त्यांनी पाहिले ते दवाखान्यातल्या एका बाईकडे पाहावे तसे. ती पिशवी घेऊन कोपऱ्यात उभी राहिली.

डॉक्टरांनी मेणाची कवळी तोंडात बसवली. "आता जबडा सैल सोडा आणि हळूच मिटा. नाही, पुढं येतोय. सैल सोडा आजी. अजून सैल."

सैल म्हटले की त्या अधिकच आवळत. खुर्चीचे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरले होते.

"आई, अहो सोडा म्हणतायत," सून काळजीने म्हणाली.

खारूताई पुढे झाली. "ओठ मिटा," ती म्हणाली. "दात सोडा. जिभेचं टोक वर टाळूला लावा, मागे. आता श्वास सोडा."

खुर्चीवरची बोटे सुटली. जबडा आपल्या जागी जाऊन बसला. डॉक्टरांनी वाकून दोन्ही बाजू पाहिल्या आणि मान डोलावली.

आजी मात्र खारूताईकडे बघत होत्या. "हे मी सांगायचे," त्या म्हणाल्या. नव्या दातांतून शब्द जरा अडखळत आला. "मुलांना."

"हो बाई. मला सांगितलं होतंत. दातांच्या कॉलेजात. ती जबड्यांची खोली."

"खोली आठवते." त्यांनी बराच वेळ तिचा चेहरा न्याहाळला. "तू नाही गं आठवत. खूप मुलं असायची."

इतके दिवस खारूताईला वाटत आले होते, की असे झाले तर आपल्याला लागेल. लागले नाही. "नाही आठवले तरी चालेल," ती म्हणाली. "मी तेव्हा काम सोडून चालले होते, बाई. तुमच्यामुळं राहिले. आजही सुरी ठेवली की तुम्ही आठवता. म्हणजे दिवसभर."

"तीन बैठकांनी?" बाई म्हणाल्या. "घरी जाताना मला रोज वाटायचं, एवढ्याशानं कुणाचं काय होणार."

डॉक्टरांनी आरसा पुढे केला. सून मागून वाकून पाहत होती. तिला लगेच दिसले. "डॉक्टर, तो एक दात..."

"मी वाकडा बसवलाय," खारूताई म्हणाली. "जुन्या फोटोत आहे तसा. नको असेल तर आत्ता सरळ करते." तिने बर्नर पेटवला आणि सुरीचे पाते ज्योतीवर धरले.

बाईंनी आरसा जवळ घेतला. ओठ मिटले, उघडले. मग जरासे हसून पाहिले, आणि तो दात आधी बाहेर आला. त्या आरशातच बघत राहिल्या.

"ही बाई इतके दिवस कुठं होती?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हात वर केला. "ती सुरी खाली ठेव."

खारूताईने सुरी खाली ठेवली.

सुनेचे डोळे भरून आले होते. "आई, मला सांगायचं नाही का? मी आपलं छान दिसावं म्हणून..."

"मी तरी कुठं लक्षात ठेवला होता?" बाईंनी तिचा हात धरला. "दात पडले, आणि त्यांच्याबरोबर मीपण विसरले. तुझी काही चूक नाही."

मग कवळी परत द्यायची वेळ आली. ती अजून मेणाचीच होती. पक्की होऊन यायला आठवडा लागणार, तोवर पुन्हा रिकामे तोंड. बाईंनी ती स्वतःच काढली आणि खारूताईच्या हातात दिली. अजून कोमट होती. खारूताईने ती दोन्ही हातांनी घेतली आणि डब्यात कापसावर ठेवली.

सुनेच्या आधाराने बाई दारापर्यंत गेल्या. सवयीने रुमाल तोंडाशी गेला होता. दारात त्या वळल्या. रुमाल खाली आला, त्याची घडी झाली, ती पर्समध्ये गेली, आणि एकही दात नसलेल्या तोंडाने बाई खारूताईकडे बघून पोटभर हसल्या.