फांदीला बांधलेली चिंधी

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. फाटकातून आत आलात की समोर एक खिडकी दिसते. तिच्या शेजारच्या खिळ्यावर मी टांगलेली असते. माझ्या मुठींचा रंग उडाला आहे आणि पाती आखूड आहेत. नवीन माणूस मला पाहून हसतो आणि म्हणतो, "ही कसली कात्री? हिलाच कुणी कापलंय वाटतं!" त्याचे म्हणणे खरे आहे. पण ती हकीकत पुढे येईल.

माझा जन्म भट्टीत झाला. लोखंडाचे दोन लालभडक तुकडे ऐरणीवर पडले, घणाचे घाव सोसून चपटे झाले आणि पाण्यात बुडवताच चर्र करून ओरडले. मग एका स्क्रूने त्यांना एकत्र बांधले. एकटे पाते म्हणजे नुसती पट्टी. दोन मिळून मी. कात्री मिटताना तुम्ही कधी निरखून पाहिली आहे का? पाती सगळीकडे एकदम टेकत नाहीत. ती एकाच बिंदूत टेकतात आणि तो बिंदू मुठीकडून टोकाकडे सरकत जातो. माझे सारे काम त्या सरकत्या बिंदूवर चालते.

मला विकत घेतले दोन बहिणींनी. दोघी शिवणकाम करत. गिऱ्हाइकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना थोरली आणि धाकटी असेच म्हणत. घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान. थोरली कापड बेतायची आणि कापायची, धाकटी मशीनवर शिवायची. मी थोरलीच्या हातातली. तिच्या अंगठ्याला माझी मूठ अशी बसली होती की पुढे पुढे तिला माझ्याकडे बघावेही लागत नसे. टेबलावर हात फिरला की मी सापडलेच पाहिजे!

थोरलीचे दोन नियम होते. पहिला, कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. कागदाने धार जाते. दुसरा नियम ती नव्या गिऱ्हाइकालाही ऐकवायची, "खडूच्या रेघेवर कापायचं नसतं बाई, रेघेच्या बाहेर कापायचं. जास्त राहिलेलं आत दुमडता येतं. कमी पडलं तर काय माझ्या पदराचं लावू?" या बाहेर सोडलेल्या कापडाला शिंपीकामात माया म्हणतात. मूल वाढले की ती उसवायची आणि फ्रॉक मोठा करायचा. थोरलीने बेतलेला फ्रॉक एका मुलीला तीन वर्षे पुरायचा आणि मग तिच्या धाकट्या बहिणीला जायचा. लोक थोरलीचे कौतुक करत. त्यातले थोडे मला माझेच वाटे.

मग एके दिवशी त्यांचा भाचा आला. तेव्हा तो शाळकरी होता. त्याला कसलेसे यंत्र बनवायचे होते. आत्या आत चहा करत होत्या. त्याने इकडेतिकडे पाहिले, मला उचलले आणि माझ्या पात्यात जाड तार धरून कटकन मिटले. तार तुटली, पण माझ्या दोन्ही पात्यांना खाचा पडल्या. त्यानंतर मी रेशमाला लागले की रेशीम चावल्यासारखे होई.

थोरली त्याला फारसे रागावली नाही. एवढेच म्हणाली, "कागदाला बंदी होती, तारेचं सांगायचं राहिलंच माझं." मला तिने खणात ठेवले आणि नवी कात्री आणली. खणात माझ्या शेजारी तुटकी बटणे आणि रिकामी रिळे होती. कुणी खण उघडला की वाटे, आता मला काढतील. हात यायचा, बटण घ्यायचा आणि खण बंद व्हायचा. अशी कितीतरी वर्षे गेली.

त्या काळात बाहेर फाटकाशी एक गुलाब वाढत होता. त्याची डहाळी एका गिऱ्हाइकाने थोरलीला आणून दिली होती. तिने ती लावली, आणि वेल फाटकाच्या कमानीवर चढला. थंडी सरली की त्याला सायीच्या रंगाची फुले येत. दरवर्षी एक माळी येऊन छाटणी करून जायचा. बहिणींना मान वर करायलाही सवड नसे. त्यामुळे तो नेमके काय करतो, हे दोघींनी कधी पाहिलेच नाही.

पुढे थोरलीचे पाय गेले. ती चाकाच्या खुर्चीत बसू लागली आणि दुकान बंद झाले. माळीही म्हातारा झाला आणि येईनासा झाला. थोरलीची खुर्ची खिडकीशी असे. तिथून तिला रस्ता दिसत नव्हता, फक्त तो गुलाब दिसायचा.

थंडी संपत आली तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, यंदा छाटणी मीच करते. कापणंच तर आहे!"

"कापणं माझं खातं होतं," थोरली म्हणाली. "तुझं शिवण्याचं. फांदी चुकली तर शिवून देशील का?"

धाकटीने खण उघडला. या वेळी हात माझ्याकडे आला! तिने मला धारवाल्याकडे नेले. त्याने खाचा पाहून तोंड वाकडे केले आणि माझी पाती घासून घासून आखूड केली. "आता ही कापडाच्या कामाची नाही," तो म्हणाला, "पण बोटाएवढी फांदी सहज तोडेल."

मित्रांनो, बागेतला तो पहिला दिवस मला अजून आठवतो. मला कापड माहीत होते. कापड मुकाट्याने पडून राहते. फांदी मात्र वाकते, ओरबाडते, आणि कापल्यावर आतून ओली असते. ही ओल कुठून येते? मला फार नवल वाटले.

धाकटीने काय केले असेल? तिने शिंपिणीचा खडू घेतला आणि फांद्यांवर रेघा आखल्या! फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या बारीक उंचवट्याला डोळा म्हणतात, एवढे तिला ठाऊक होते. पण डोळ्याच्या लगेच वर कापायचे तिच्या जिवावर आले. प्रत्येक डोळ्याच्या वर तिने चार बोटे फांदी सोडली. माया ठेवली.

खिडकीतून थोरली ओरडली, "अगं, तो गुलाब आहे की कुणाचा परकर? पुढच्या वर्षी उंची वाढवायचीय का त्याची?"

धाकटीला हसू फुटले, तिचा हात हलला, आणि माझी पाती एका डोळ्याच्या अगदी वर मिटली. माया शून्य!

"बघ, तुझ्यामुळे!" धाकटी कळवळली. तिने आत जाऊन फुलाफुलांच्या चिटाच्या कापडाची एक चिंधी आणली आणि त्या फांदीला बांधली, जखमेवर पट्टी बांधावी तशी. थोरली पोट धरून हसली.

वसंत आला, पण गुलाब नीट फुलला नाही. सोडलेली चार-चार बोटे आधी वाळली, मग काळी पडली, आणि तो काळेपणा हळूहळू खाली उतरू लागला. थोडी फुले आली, तीही आडोशाला. एका सकाळी थोरलीने खुर्ची भिंतीकडे वळवायला सांगितली. तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

वर्ष सरत आले, पुन्हा थंडी पडली, आणि भाचा आला. आता तो मोठा झाला होता आणि बांधकामे करत होता. तो म्हणाला, "थोरल्या आत्याची खुर्ची बाहेर नेता यावी म्हणून पायरीपासून फाटकापर्यंत उतार बांधतो. पण हा गुलाब वाटेत येतो. तसाही मेलाच आहे. काढून टाकू."

"मग बाहेर जाऊन मी बघायचं काय?" थोरलीने विचारले. "बघायचं तेवढंच तू काढून टाकणार!"

भाच्याचेही म्हणणे चुकीचे नव्हते. थोरलीला कित्येक महिन्यांत अंगावर ऊन लागले नव्हते. शेवटी असे ठरले की हा वसंत बघायचा. गुलाबाला कोंब आले तर वाट दुसरीकडून काढायची, नाहीतर गुलाब काढायचा.

थंडीचा जोर ओसरू लागला तशी धाकटी मला घेऊन गुलाबापाशी आली. या वेळी तिने खडू आणला नव्हता. ती नुसती बघत उभी राहिली. काळ्या फांद्या, आणखी काळ्या फांद्या, आणि मध्येच फुलाफुलांची चिंधी. चिंधीची फांदी हिरवीगार होती आणि अंगठ्याएवढी जाड झाली होती. जिथे मी चुकून मिटले होते, तिथे जखम भरून आली होती.

"ताई!" धाकटीने हाक मारली. "जी चुकली तीच जगलीय गं! बाकीच्यांना मी माया ठेवली, त्या वाळल्या. असं कसं?"

खिडकीतून थोरली सावकाश म्हणाली, "कापडाची माया आपण आत दुमडतो. झाड कुठे दुमडणार?"

मित्रांनो, हे कोडे तुम्हीही सोडवून पाहा. फांदीत रस वर चढतो तो पानांच्या आणि कोंबांच्या ओढीने. शेवटच्या डोळ्याच्या वर जी फांदी उरते, तिला ना पान ना कोंब. रसाने तिथे कुणासाठी जायचे? म्हणून ती वाळते, मग कुजते, आणि ती कूज खालच्या डोळ्यापर्यंत पोचते.

धाकटी कामाला लागली. काळे लाकूड संपून आतला गर पांढरा दिसेपर्यंत ती खाली खाली येत गेली, आणि तिथल्या पहिल्या डोळ्याच्या जरासे वर, तिरपे कापले, म्हणजे पाणी डोळ्यावर न साचता घसरून जाईल. एका फांदीची कीड दुसरीला लागू नये म्हणून दर वेळी माझी पाती औषधाच्या बोळ्याने पुसली. जाड फांद्यांना तिने करवत लावली. काम संपले तेव्हा कमानीवर चार काटक्या आणि एक चिंधी उरली होती.

भाचा आला आणि डोक्याला हात लावून नुसता उभाच राहिला. मग पुटपुटला, "आत्या, मी काढणार होतो ते तूच काढलंस की!"

"गप रे तारकाप्या," थोरली आतून म्हणाली. त्या दिवशी तिने आपली खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवून घेतली.

मग वाट पाहणे सुरू झाले. सकाळी धुके असायचे, दुपारी ऊन थोडे रेंगाळायचे. मी खिळ्यावरून बघत असे. काटक्या तशाच. धाकटी रोज चहाचा कप घेऊन कमानीखाली उभी राहायची आणि चहा निवून जायचा. मग एका दुपारी तिने कप खालीच ठेवला आणि नाक फांदीला लागेल इतकी वाकली. एक डोळा फुगला होता. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. पलीकडे दुसरा. चिंधीच्या फांदीवर तर ओळच.

कापड मी कापले की ते कापलेलेच राही. इथे मी एक टोक कापले आणि दोन कोंब उगवले! इतकी वर्षे कापूनही कापण्याचा हा अर्थ मला ठाऊक नव्हता.

भाच्याने शब्द पाळला. त्याने उतार गुलाबाला वळसा घालून बांधला. सायीच्या रंगाची पहिली फुले उमलली त्या सकाळी थोरलीची खुर्ची घरघरत बाहेर आली. ती उन्हाने डोळे मिचकावत कमानीखाली थांबली. फुलांकडे पाहून झाले, मग तिचे लक्ष चिंधीकडे गेले. फांदी जाड झाल्यामुळे गाठ सालीत रुतू लागली होती.

"अगं, हिला काचतंय," ती म्हणाली. "कात्री दे इकडे."

धाकटीने मला तिच्या हातात दिले. थोरलीने माझ्याकडे पाहिलेही नाही. अंगठा आपोआप मुठीत गेला. मी म्हातारी, आखूड, धारवाल्याने कापडातून बाद केलेली. तिने एक पाते हलकेच चिंधीखाली सरकवले, सालीला जराही न लागता, आणि मिटले. कापड सरळ फाकले. एक धागाही चावला गेला नाही.

"अजून कापते की गं ही," थोरली म्हणाली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. काम झाले की मला पुसून कोरडी करा, स्क्रूवर तेलाचा एक थेंब सोडा आणि मिटवून ठेवा. आणि मला उचलण्याआधी, समोर कापड आहे की फांदी, ते जरा वाकून बघा. फांदी असेल तर तिचा डोळा शोधा. तो नेहमी असतोच, फक्त बारीक असतो.