नेजातचं गुळगुळीत दही

माझा धाकटा दीर नेजात इस्तंबूलमध्ये काही महिने फ्रीज विकून गावी परतला, तो थेट आम्हाला दही शिकवायलाच.

सासऱ्यांपासून आमच्याकडे विकायच्या दह्यासाठी म्हशीचं दूध मंद आचेवर आटवतात. मग पसरट भांड्यांत उंचावरून ओततात, म्हणजे फेस येऊन साय जाड धरते. विरजण कडेने, साय न मोडता सोडायचं. असं दही सुरीने कापावं लागतं.

"वहिनी, लोकांना आता गुळगुळीत लागतं," तो म्हणाला.

त्याने कुठूनसं जुनं मशीन आणलं. त्यात दुधातला लोण्याचा अंश इतका बारीक फुटायचा की साय धरायचं नाव नको. आटवणं त्याला गॅसची नासाडी वाटे. दूध जेमतेम तापलं की उतरवायचा. माझा नवरा रिफ्की भावापुढे कायम नंदीबैल.

"भाऊजी, न आटवता दही घट्ट होणार कशाने? तुमच्या भाषणाने?"

"यात तंत्र असतं, वहिनी. तुम्हाला नाही कळायचं."

वसंताच्या सणाला, हिदरेल्लेझला, सगळा गाव नदीकाठी जेवायला जमतो. नेजातने स्वतःचं नाव छापलेले टेम्पोभर डबे नेले. झाकणं उघडली तर वर हिरवट पाणी, खाली पांढरा लिबलिबीत गोळा आणि चव कच्च्या दुधाची. हालित खाटकाने त्यात चमचा उभा केला. तो आडवा झाला.

"रिफ्की, हे खायचं की याने तोंड धुवायचं?"

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने.

पण लाज वाटायला ती अंगात असावी लागते. नेजातने डबे बादलीत उपडे केले, मीठ-बर्फ घालून घुसळलं आणि ओरडायला लागला, "थंडगार ताक!" ऊन मी म्हणत होतं. लोक प्यायले. हालितने तर पुन्हा मागून घेतलं. मी ज्यांना चवीची माणसं समजत होते, ती ही!

आता ते ताक बसस्टँडवर धडाक्यात खपतं. पाटीवर लिहिलंय, 'घराण्याची परंपरा.' माझं दही घेणारे मोजकेच उरलेत.

परवा नेजात दारात उभा. "वहिनी, होणारे सासरे जेवायला येतायत. एक भांडं दही द्याल?"

"तुमचं कुठे गेलं?"

"ते विकायचं असतं."

मी भांडं दिलं. सासऱ्यांना त्याने काय सांगितलं असेल, ते मला विचारायची गरज नाही. लग्न ठरलं. मुलगी चांगली आहे बिचारी.