रकान्यातली तारीख

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण जज्ज कमलाकांत तळपदे ती रोज साडेनऊलाच चढत. कोर्ट भरे अकराला. दोन वर्षांपूर्वी पत्नी राजलक्ष्मी गेली तेव्हापासून फणसवाडीतलं घर त्यांना खायला उठे. घरी बसवेना म्हणून त्यांनी कोर्ट सुधारायला घेतलं. वर्षानुवर्षं भिजत पडलेली घोंगडी त्यांनी धडाधड पिळून वाळत घातली. ज्या दाव्यांना कोणाचा विरोध नसे त्यांच्यासाठी छापील हुकूमनामे करून घेतले, रकाने भरायला टाइपरायटरवर एडनाबाईंना बसवलं. त्या नमुन्यातला शब्द न् शब्द त्यांचा स्वतःचा. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि जरा जास्तच होता.

सत्तावन सालच्या त्या दुपारी साक्षीच्या पिंजऱ्यात चिंचपोकळीची रखमा उभी राहिली. तिचा नवरा गिरणीत मुकादमाशी भांडून एकोणपन्नासच्या ऑगस्टात घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसली की कायदा त्याला मेला असं धरतो. चाळीतली खोली नवऱ्याच्या नावावर होती. ती रखमाच्या नावावर व्हायची तर कोर्टाचा तसा हुकूम हवा, नाहीतर मालक बाहेर काढायला टपलेलाच. म्हणून तिचा भाऊ धोंडू तिला समजावून, रागावून, शेवटी हाताला धरून घेऊन आला होता.

हुकूम इंग्रजीत. ज्याला लिहिता येत नाही त्याला तो मराठीत वाचून दाखवायचा आणि मग अंगठा घ्यायचा, अशी पद्धत. दुभाषी कायतान यांनी वाचलं, "सदर इसम दिनांक सोळा ऑगस्ट एकोणीसशे एकोणपन्नास रोजी मयत झाला असे धरण्यात येत आहे."

शाई लावलेला अंगठा रखमानं मागे घेतला.

"त्या दिशी तर ते चालत गेले," ती म्हणाली.

"अगं ताई, कागदापुरतं आहे. दे अंगठा," धोंडू खालून कुजबुजला.

"आठ वरसं गिरणीचा भोंगा झाला की मी जिन्यात जाऊन उभी ऱ्हाते, सायब. ते त्याच दिशी मेले, तर मी वाट कुणाची बघत व्हते?"

कायतान हे इंग्रजीत सांगायला उभे राहिले, पण त्यांना वाक्य जुळवता येईना. "राहू द्या. समजलं मला," कमलाकांत म्हणाले.

आज तो नाही असं धरा, एवढंच कायदा सांगतो. कधी गेला, ते सांगत नाही. हे कमलाकांतांना पक्कं ठाऊक होतं. एक रकाना कमी व्हावा म्हणून हरवल्याची तारीख आणि मेल्याची तारीख त्यांनी एकच करून टाकली होती, आणि त्या घाईत एका बाईची आठ वर्षं पुसली होती. त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त हेवा वाटला. राजलक्ष्मीच्या मृत्यूच्या दाखल्यावर तास आणि मिनिटंसुद्धा लिहिलेली होती. त्यांना एक दिवसही वाट बघायला मिळाली नव्हती.

त्यांनी टाइप केलेली तारीख खोडली आणि स्वतःच्या हातानं वर दुसरी लिहिली.

"आजची घातली आहे," त्यांनी तिला मराठीतच सांगितलं.

"म्हंजे आज सकाळपर्यंत व्हते?"

"होते."

"आन् आत्ता?"

कमलाकांतांनी टाक खाली ठेवला. "मी सही कुठे केलीय अजून? कोर्ट उठताना करीन. पाचला."

रखमानं अंगठा दिला. "मग मी भाईर बसते," ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. त्यातली माणसं पाणी प्यायला जिना चढून वर येत, आणि बाकावर बसलेल्या रखमाची मान प्रत्येक पावलाला वर होई. धोंडू बोलून बोलून थकला.

सव्वातीनला त्या दिवसाचं काम संपलं. एरवी कमलाकांत तेव्हाच उठले असते. एडनाबाईंनी टाइपरायटर झाकला आणि त्यांच्याकडे पाहिलं. कायतान जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, बोर्ड संपला."

"माहीत आहे. तुम्ही बसा."

समोर काही नसताना ते खुर्चीवर बसून राहिले. उघड्या दारातून त्यांना जिन्याचा वरचा कठडा दिसत होता. पाऊल वाजलं की तेही तिकडे पाहू लागले.

घड्याळात पाचाचे ठोके पडले. कमलाकांतांनी टाक उचलला, दौतीत बुडवला, आणि सही न करता दाराकडे बघत बसून राहिले.