पाद्र्याची खरी कबर

तीन रहस्यकादंबऱ्यांनी सोलांजच्या गावातल्या जुन्या पाद्र्याच्या कबरीत गुप्त खजिना पुरून ठेवला होता. तिन्हींत कबर दफनभूमीच्या उत्तरेच्या भिंतीशी, म्हणून खजिन्यामागे लागलेले खुळे तिथली नुसती माती उकरत बसत. इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या सोलांजचं डोकं फिरलं. तिन्ही कादंबऱ्यांची चिरफाड करणारं पुस्तकच तिनं लिहिलं: खजिना ही थाप, गुप्त पंथ ही थाप, आणि कबर तर दक्षिणेला, सरूच्या झाडाखाली!

सर्व संतांच्या सणाला, कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, ती शेवंतीची कुंडी घेऊन दफनभूमीत गेली. सरूखाली खड्डा होता आणि हाडं विखुरलेली. काठावर तिचंच पुस्तक उघडं पडलं होतं.

"अहो, खजिना नाहीच असं लिहिलंय मी!" ती किंचाळली.

"लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला की, बाई," खड्ड्याशी उभा असलेला महापौर गास्तों म्हणाला. "पत्त्यापुरता."