साबण लावलेला आरसा

बोलणं हे काही माझं काम नाही, माझं काम दाखवण्याचं. पण तेही मला करू देत नाहीत, म्हणून आज तोंड उघडतोय. मी एक आरसा. टॅक्सीत ड्रायव्हरच्या डोक्याशी असतो ना, तो. टॅक्सी भंगारात निघाली, तेव्हा एका बाईंनी मला निवडून, घासूनपुसून नाटकात आणलं.

नाटक जुन्या ग्रीक कथेवरचं, पण आजच्या काळात घडणारं. मूळ कथेत नवरा मेलेल्या बायकोला परत आणायला पार मृत्यूच्या राज्यात जातो. अट एकच, बाहेर पडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो बघतो आणि ती कायमची जाते. आमच्या नाटकात तो टॅक्सी चालवतो, ती मागच्या सीटवर बसते, आणि शेवटी न राहवून तो माझ्यात बघतो.

लेखक, दिग्दर्शक आणि नाटकातला नवरा, तिन्ही एकच गृहस्थ. बायकोच्या भूमिकेत त्यांची खरी बायको, म्हणजे मला आणणाऱ्या बाई. रंगमंचावरच्या आरशाला प्रयोगाआधी साबण चोळतात, नाहीतर दिव्यांची तिरीप प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाते. ते कामही बाईंचंच. "थोडा वेळ सोस रे बाबा," म्हणायच्या, आणि प्रयोग संपला की ओल्या फडक्याने पुसायच्या.

रिकाम्या खुर्च्यांसमोर दोघांनी नाटक जगवलं. मग नाव झालं, मोठा निर्माता आला आणि त्याला नवा चेहरा हवासा झाला.

"एवढा दौरा होऊ दे," गृहस्थ बाईंना म्हणाले. "मग तुझी भूमिका तुलाच. तोवर तू आहेसच की माझ्या पाठीशी."

बाई विंगेत उभ्या राहिल्या. त्या शब्दावर विसंबल्या, याचा मला अजून राग येतो. नवा चेहरा जुना झाला, दुसरा नवा आला; बाईंची पाळी काही आली नाही.

त्या दुसऱ्या मुलीचा पहिलाच प्रयोग. बिचारीला काय ठाऊक? मला मळका समजून तिने ऐनवेळी लख्ख पुसलं. गृहस्थांनी माझ्यात पाहिलं, तर मुलीच्या मागे, विंगेत, बाई. आपल्या भूमिकेतलं वाक्य न् वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या आणि डोळ्यांना धार लागली होती. गृहस्थांची बोलतीच बंद झाली. पुढचं वाक्य बाईंनीच विंगेतून पुरवलं.

आता तरी यांना पाझर फुटेल, असं मला वाटलं.

"आज आरशात दिसले ना मी?" प्रयोगानंतर बाईंनी विचारलं.

"साबण कुठे होता? सगळा प्रयोग मातीत घातलास!"

"मी विचारलं ते सांग. दिसले का?"

"डोळे दिपले माझे. कोणी दिसलं नाही."

बाईंनी साबणाची वडी माझ्याशेजारी ठेवली, पर्स उचलली आणि चालू लागल्या. दारापर्यंत गेल्या तरी मागून हाक आली नाही. त्या परतल्या नाहीत.

आता साबण गृहस्थ स्वतः लावतात, चांगला जाड. पुसायचं मात्र कुणाला सुचत नाही. थरावर थर चढून मी पुरता आंधळा झालोय.

प्रयोगाला आलात तर माझं एवढंच ऐका. शेवटी ते माझ्यात बघून ढसाढसा रडतात, तेव्हा टाळ्या वाजवू नका. माझ्यात त्यांना कुणीच दिसत नाही. तशी सोय त्यांनीच करून ठेवली आहे.