बोटभर अंतर

फादर योस चित्रावर वाकले, बोटभर अंतरावर थांबले, ओठांचा नुसता आवाज केला आणि सरळ झाले. उन्हाळाभर हे असंच चाललं होतं.

मिस्सेच्या, म्हणजे वेदीवरच्या उपासनेच्या, ग्रंथात क्रूसावरच्या ख्रिस्ताचं पानभर चित्र होतं. मिस्सा करणाऱ्याने त्याच्या पायांचं चुंबन घ्यायचं, हा रिवाज. आधीचे फादर लिवेन इतक्या मनापासून ओठ टेकवत की पायांचा रंग पार उडून खालचं कातड्याचं कोरं पान दिसू लागलं होतं. प्लेगमध्ये ते घरोघर मरणाऱ्यांच्या उशाशी बसले आणि शेवटी स्वतःच गेले. त्यांच्या जागी आलेल्या योस यांना त्या पानावर प्लेगने गेलेल्या माणसाचे ओठच दिसत. आपली लोकांकडे पाठ असते, कोणाला काय कळणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. लाज मात्र वाटायचीच.

साथ ओसरली. सर्व संतांच्या सणाला ओठ टेकवायचेच, असं त्यांनी ठरवलं. त्या सकाळी लिवेन यांची बहीण लिस्बेट वेदीची धुतलेली वस्त्रं घेऊन आली. घड्या ठेवून ती तिथेच घुटमळली.

"काय झालं, लिस्बेटबाई?"

"फादर, मी त्या कडेच्या खांबाशी बसते ना, तिथनं वेदी दिसते. तुम्ही ओठ टेकवत नाही. वाकता नि थांबता."

"ते... त्याचं असं आहे..."

"सांगू नका, कळलंय मला." तिने हाताने डोळे पुसले. "आमचा लिवेन म्हणजे नुसता पसारा, ओठ टेकवले तरी रंग उडवायचा. पण त्या पानावर तेवढी त्याची खूण राहिलीय. तिच्यावर आपले ओठ नकोत म्हणून जपता तुम्ही. त्याला पुरताना मला जवळसुद्धा जाऊ दिलं नाही, फादर. एवढंच उरलंय बघा."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. योस यांनी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "देव तुमचं भलं करो."

"तुमचंच करो. गिरणीवाल्याची बायको म्हणत होती, नवा फादर भित्रा आहे. म्हटलं, जीभ आवर. फादर आमच्या लिवेनची खूण जपतात, असं सगळ्या गावाला सांगितलंय मी."

मिस्सा सुरू झाली. योस चित्रावर वाकले. पुसलेले पाय अगदी समोर होते. भीती आता उरली नव्हती, ओठ टेकवावेत असं जिवापासून वाटत होतं. खांबाशी लिस्बेट गुडघ्यांवर होती.

ते बोटभर अंतरावर थांबले आणि सरळ झाले. ओठांचा आवाज तेवढा या खेपेला त्यांनी केला नाही.